आर्त कीं कर्कश?

एकत्र कुटुंबांत प्रत्येकाला स्वतंत्र खोली मिळूं शकते, स्वतंत्र कपाट मिळूं शकतें, क्वचित् स्वतंत्र मतहि बाळगतां येतें. परंतु कान मात्र सर्वांचे सामाईक असतात. एकाच्या खोलींत लागलेलें गाणें दुसऱ्याच्या ताटापर्यंत येऊन पोंचतें. आमच्या घरांत माणसें अकरा आणि आवडी बारा. अशा घरांत वर्षानुवर्षांच्या कुरबुरींतून एक अलिखित तह होऊन गेलेला असतो. पहांटे नानांचे बालगंधर्व, स्वयंपाकाच्या वेळीं भावगीतें, दुपारीं शांतता, सायंकाळीं मुलांचीं चित्रपटगीतें, आणि दिवे लागल्यावर पुन्हां नानांची मर्जी. हा तह सुमारें वीस वर्षें अबाधित चालला होता. दोन वर्षांपूर्वीं तो मोडला; आणि ज्यानें मोडला त्याला गाणें म्हणावें कीं नाहीं, याच प्रश्नावर घरांत दोन तट पडले.

ज्या बँडचें हें गाणें त्याचें नांव ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’. ‘बँड’ हा शब्द वाचतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें वरातींतील लाल डगलेवाले उभे राहतील, हें आम्ही जाणतों. परंतु येथें त्याचा अर्थ एवढाच कीं, दोन गिटार, एक बेस गिटार आणि एक ड्रमचा संच घेऊन एकत्र आलेले चार तरुण. हे चौघे अमेरिकेच्या राजधानींत, वॉशिंग्टन शहरांत, १९८४ सालीं एकत्र आले आणि १९८६ च्या आरंभीं विखुरलेहि. त्यांच्या जाहीर कार्यक्रमांची संख्या विसाच्या आंतच राहिली. एक तबकडी त्यांच्या हयातींत निघाली, दुसरी लहानशी मागाहून. एवढ्या अल्प संसारावर एका संगीतप्रकाराचे मूळपुरुष म्हणून त्यांचें नांव घेतलें जाऊं लागलें. त्या प्रकाराला आजचीं मुलें ‘इमो’ म्हणतात.

आमच्या घरीं ही तबकडी आणली आमच्या पुतण्यानें. आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सर्वजण अण्णा म्हणत, तीन वर्षांपूर्वीं हृदयविकारानें एकाएकीं गेले. त्यांचा हा एकुलता मुलगा त्या वेळीं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. तेरा दिवसांचीं सर्व कार्यें त्यानें न चुकतां केलीं, आल्यागेल्यांना चहा विचारला, बँकेचे कागद पाहिले, आईचीं औषधें आणून दिलीं. रडला मात्र नाहीं. ‘मोठा समजूतदार मुलगा’ म्हणून आप्तेष्टांनीं त्याची वाखाणणी केली. आपल्याकडे पुरुषानें रडणें कमीपणाचें समजतात, आणि जो रडत नाहीं त्याला शाबासकी मिळते. पुढें महिन्यांमागून महिने गेले. मुलगा जेवायला येई, कॉलेजला जाई, विचारलें तेवढ्याला उत्तर देई, आणि खोलीचें दार लावून घेई. वहिनी एक दिवस आमच्या कुटुंबाजवळ म्हणाल्या, “घरांतून दोन माणसं गेल्यासारखं वाटतं हो मला.”

अण्णांचा एक रेकॉर्ड प्लेअर होता, आणि त्यांनीं हौसेनें जमविलेल्या नाट्यपदांच्या व ख्यालांच्या तबकड्या होत्या. ते गेल्यापासून त्या यंत्रावरचें कापड कोणीं काढलें नव्हतें. वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर एका रविवारीं सकाळीं तें पुतण्यानें काढलें, आणि न्यू जर्सींत असलेल्या आमच्या भाचीकडून मागविलेली ही तबकडी त्यावर ठेवली. घरभर जो आवाज झाला त्यानें आमचे चुलते नाना पूजा अर्धवट टाकून उठले आणि ओरडले, “अरे, कोणाला मारताहेत तें पाहा!”

कोणाला मारीत नव्हते. परंतु नानांचें म्हणणें अगदींच निराधार होतें असेंहि नव्हे. पहिल्या ऐकण्यांत आपल्या कानाला जें जाणवतें तें एवढेंच कीं, एक तरुण जिवाच्या आकांतानें ओरडत आहे, आणि त्याच्याभोंवतीं पत्र्याचें छप्पर कोसळत आहे. सायंकाळीं घरची सभा भरली. नानांनीं आम्हांस आज्ञा केली कीं, तुम्हीं गाण्याच्या बैठकींत आयुष्य काढलें आहे, तेव्हां हें ऐका आणि ह्या घरांत वाजविण्याजोगें आहे कीं नाहीं तें सांगा. आम्हीं एक महिन्याची मुदत मागून घेतली. तो महिना आम्ही रोज सायंकाळीं पुतण्याच्या खोलींत जाऊन बसत असूं. त्या ऐकण्यांतून आणि त्याच्याशीं झालेल्या बोलण्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

वॉशिंग्टन म्हणजे सचिवालयें, वकिलाती, संगमरवरी स्मारकें. अशा शहरांत १९८० च्या सुमारास शाळकरी वयाच्या मुलांनीं ‘हार्डकोअर’ नांवाचें एक अतिद्रुत आणि अतिकठोर संगीत चालू केलें. ‘बॅड ब्रेन्स’ ह्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बँडनें त्यांना वेगाची दीक्षा दिली. मागाहून इयन मॅकाय ह्याचा ‘मायनर थ्रेट’ हा बँड १९८० ते १९८३ पर्यंत गाजला. ह्याच मॅकायनें जेफ नेल्सन ह्या सोबत्यासह १९८० मध्यें ‘डिस्कॉर्ड’ ह्या नांवाची, म्हणजे ‘विसंवाद’ नांवाची, तबकड्यांची संस्था काढली. संस्थेची रीत अशी कीं, आपल्याच शहरांतील बँडांच्या तबकड्या काढावयाच्या, किंमत कमी ठेवावयाची, आणि लेखी करार करावयाचे नाहींत. ह्या मंडळींपैकीं पुष्कळांनीं मद्य, तंबाखू व इतर मादक पदार्थ वर्ज्य केले होते, आणि ह्या व्रताला मायनर थ्रेटच्या एका गाण्यावरूनच ‘स्ट्रेट एज’ हें नांव पडलें. हें आम्हीं नानांस सांगितलें तेव्हां त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांपैकीं एक कमी झाली.

परंतु १९८४ पर्यंत त्या संगीतांतील तेज जाऊन मारामारी तेवढी उरली होती. कार्यक्रम म्हणजे धक्काबुक्की, आणि गाणें म्हणजे रागाचा एकसुरी पाढा, अशी अवस्था झाली. राग हा मोठा सोयीचा विकार आहे. त्याच्या पांघरुणाखालीं इतर सर्व भावना झांकतां येतात. ह्या वेळीं जे चौघे पुढें आले त्यांनीं तें पांघरूण ओढून काढलें. गी पिचोटो हा गाणारा आणि गिटारवाला, एडी जॅनी दुसरा गिटारवाला, माइक फेलोज बेसवर आणि ब्रेंडन कँटी ड्रमवर. जॅनी ह्यापूर्वीं ‘द फेथ’ ह्या बँडांत होता. त्या बँडच्या १९८३ च्या शेवटच्या तबकडींत दोन गिटारांचा जो मेळ ऐकूं येतो त्यांत ह्या नव्या संगीताचें बीज आहे असें जाणकार मानतात. पिचोटो १९६५ सालचा आणि कँटी १९६६ सालचा. म्हणजे तबकडी केली तेव्हां एक एकोणीस वर्षांचा व दुसरा अठरा वर्षांचा होता.

१९८५ चा उन्हाळा त्या मंडळींत ‘रेव्होल्यूशन समर’ ह्या नांवानें ओळखला जातो. क्रांति म्हणजे बंदूक नव्हे. मारामारीला कंटाळलेल्या मुलांनीं पुन्हां नवे बँड काढले, आणि दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेदाच्या निषेधार्थ त्या देशाच्या वकिलातीसमोर ड्रम, डबे, जें मिळेल तें बडवीत उभे राहिले. आपल्याकडे होळीच्या दिवशीं डबे बडवितात, त्याची आम्हांस आठवण झाली. मात्र येथें कारण अधिक चांगलें होतें.

तबकडीचें मुद्रण त्यापूर्वींच, फेब्रुवारी १९८५ मध्यें, झालें होतें. पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टन येथें डॉन झिएंटारा नांवाच्या ध्वनिमुद्रकानें आपल्या राहत्या घराच्या तळघरांत ‘इनर इअर’ नांवाचा स्टुडिओ थाटला होता. ‘अंतःकर्ण’ असें त्याचें भाषांतर होईल, आणि तें आम्हांस फार आवडलें. तेथें मॅकायच्या देखरेखीखालीं बारा गाणीं मुद्रित झालीं, आणि तबकडी उन्हाळ्यांत बाहेर पडली. बँडच्या नांवानें इगोर स्ट्राविन्स्कीच्या सुप्रसिद्ध नृत्यनाट्याचें स्मरण होतें. १९१३ च्या मे महिन्यांत पॅरिसमध्यें त्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हां प्रेक्षागृहांत आरडाओरडा माजला होता. तेव्हां नानांच्या आधीं फ्रेंच सभ्य गृहस्थांनींहि देवपूजा नव्हे तरी आसन सोडलेलें आहे.

आतां वादनाकडे वळूं. कारण आमच्या मतें सर्व मर्म तेथें आहे.

हार्डकोअरमध्यें गिटारवर बहुधा ‘पॉवर कॉर्ड’ नांवाचा स्वरसमूह वाजवितात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर ती षड्ज आणि पंचम यांची जोडी होय. तींत गंधार नसतो. आणि पाश्चात्य स्वरसंवादांत, शुद्ध गंधार कीं कोमल गंधार, यावरच प्रसन्नता आणि विषाद यांचा निवाडा होत असल्यामुळें, गंधार वगळला कीं उरतो तो केवळ जोर. तो हंसत नाहीं, रडत नाहीं. नुसता छातीवर येतो. राइट्स ऑफ स्प्रिंगच्या गाण्यांत हा जोर आहेच. पण एक गिटार खालीं तो जोर सांभाळीत असतां दुसरें गिटार वरच्या तारांवर सुटे स्वर उधळीत असतें, आणि त्या सुट्या स्वरांत हद्दपार झालेला गंधार परत येतो. विद्युत्‌ध्वनीच्या फाटक्या, घोगऱ्या गर्जनेंतून मधूनच एक अतिशय गोड सुरावट डोकावते, आणि ओळखीची होते न होते तोंच पुन्हां बुडते. आम्हांस आठव्या-दहाव्या दिवशीं ती दिसूं लागली. दिसूं लागल्यावर मात्र पुन्हां तें संगीत पूर्वीसारखें ऐकणें शक्य झालें नाहीं.

बेस गिटारचें काम साधारणतः खालीं खुंटा धरून उभें राहण्याचें. फेलोज तसा उभा राहत नाहीं. तो गात्या माणसासारखा चढतो, उतरतो; कित्येक ठिकाणीं गाण्याची खरी चाल त्याच्याच बोटांत आहे असें वाटतें. कँटीच्या ड्रमविषयीं तर आम्हांस विशेष आदर आहे. लय दुपटीची, केव्हां केव्हां श्वास कोंडणारी. परंतु तो एका ठेक्यावर घोडें दामटीत बसत नाहीं. तो ठेका मोडतो, अर्ध्या लयींत उतरतो, एकदम थांबतो; गिटारें एकटींच लोंबकळत राहतात; आणि मग चौघेहि नेमके एका क्षणीं समेवर येऊन आदळतात. त्या थांबण्यांतच पुष्कळ कांहीं आहे. जो नुसता ओरडतो त्याला असें थांबतां येत नाहीं.

राहिला आवाज. पिचोटोचा आवाज शिकविलेला नाहीं. तो वरच्या स्वराला पोंचण्याच्या आधींच फाटतो, आणि फाटला म्हणून मागें फिरत नाहीं. परंतु पुष्कळ वेळ ऐकल्यानंतर एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. त्याची दमछाक ही केवळ दम नसल्याची दमछाक नाहीं. त्यानें शब्दच इतके लिहिले आहेत कीं ते तालाच्या आवर्तनांत मावत नाहींत. ओळ संपावयाची असते, तोंच सम येते. आणि उरलेले शब्द घेऊन तो समेपलीकडे धांवत सुटतो. ज्याला सांगावयाचें फार आहे आणि वेळ थोडा आहे अशा माणसाचें बोलणें जसें होतें, तशी ही शब्दांची बांधणीच आहे. गाण्यांचे विषयहि ह्या बांधणीला साजेसेच आहेत. सरकारावर राग नाहीं, समाजाला शिव्या नाहींत. निसटून गेलेले दिवस, हातून सुटलेलें माणूस, आणि आपण स्वतः जें होतों तें आतां कोठें गेलें, हाच शोध बहुतेक गाण्यांतून चालला आहे. 

एका गाण्याचें नांव ‘हेन्स पॉइंट’ आहे. वॉशिंग्टनमध्यें पोटोमॅकच्या कांठीं, एका उद्यानाच्या दक्षिण टोंकाला ही जागा आहे. लोक तेथें फिरावयास जातात. १९८० पासून २००८ पर्यंत तेथें सिवर्ड जॉन्सन ह्या शिल्पकाराचा एक विलक्षण पुतळा होता: जमिनींत गाडला गेलेला एक राक्षसी देहाचा पुरुष, ज्याचा एक हात वर आला आहे, एक गुडघा वर आला आहे, आणि आ वासलेलें तोंड मातींतून बाहेर पडत आहे. पुढें तो तेथून हलविला गेला. आम्हीं त्याचें चित्र पाहिलें तेव्हां आम्हांस हा आवाज आठवला.

सर्वच गाणीं आम्हांस सारखींच आवडलीं असें नाहीं. तीन-चार तर एकमेकांपासून निराळीं ओळखूं येईपर्यंत महिना संपत आला, आणि त्यांतील दोन वगळलीं असतीं तरी तबकडीची हानि झाली नसती. ‘ड्रिंक डीप’ हें गाणें तुलनेनें संथ असल्यामुळें प्रौढ श्रोत्यांनीं तेथून आरंभ करावा. शेवटचें ‘एंड ऑन एंड’ सात मिनिटांहून अधिक चालतें. तें संपल्यासारखें वाटतें, पण तें संपत नाहीं, एकच शेवट पुन्हां पुन्हां गिरवीत राहतें. त्याविषयीं पुढें सांगूं.

अर्ध्या महिन्यानंतर नाना स्वतःच दारांत खुर्ची टाकून बसूं लागले होते. ऐकावयास नव्हे, वाद घालावयास. नाना संस्कृतचे पदवीधर. त्यांचें म्हणणें असें: “शोक हा भाव आहे, करुण हा रस आहे. शोक जसाच्या तसा ओरडून दाखविला तर तो रस होत नाहीं. जळत्या घराचें चित्र पाहतां येतें, जळतें घर पाहत बसवत नाहीं. भवभूतीनें करुणाला सर्व रसांचें मूळ मानलें खरें, पण त्याचा राम श्लोकांत रडतो, गळा काढून नव्हे.” युक्तिवाद वजनदार होता, आणि आपल्या परंपरेंतील तो शेंकडों वर्षांचा आहे. आम्हीं उत्तर दिलें तें कँटीच्या ड्रमवर बोट ठेवून. रडणाऱ्या माणसाची लय सुटते. येथें ती एक क्षणहि सुटत नाहीं. चौघांपैकीं तिघे डोळ्यांत तेल घालून माप सांभाळतात, म्हणूनच चौथ्याला मापाबाहेर जातां येतें. हा श्लोकच आहे, नाना. फक्त ह्याचें वृत्त गळ्यांत नसून हातांत आहे.

नाना म्हणाले, “मग गळ्यानं काय गुन्हा केला?” त्यावर आम्हीं त्यांना मास्टर दीनानाथांची आठवण करून दिली. नानांच्या वडिलांचे एक स्नेही बालगंधर्वांचे एवढे भक्त होते कीं, दीनानाथांची ती तेजस्वी, झेपावणारी, स्वराला जणुं झडप घालणारी गायकी त्यांना ‘तलवार फिरविणें’ वाटे. तलवार ती खरीच. परंतु आज कोणी तिला बेसूर म्हणणार नाहीं. नाना म्हणाले, “दीनानाथ कुठं आणि हें पोर कुठं!” ह्या बाबतींत आम्ही नानांशीं सहमत आहों. तुलना गायकीची नव्हती, ऐकणाऱ्याच्या संवयीची होती.

‘इमो’ ह्या शब्दाची उत्पत्ति मोठी गमतीची आहे. ‘इमोशनल हार्डकोअर’, म्हणजे भावनाप्रधान हार्डकोअर, यावरून प्रथम ‘इमोकोर’ झालें आणि मग त्याचीहि शेपटी तुटून ‘इमो’ उरलें. ज्यांना उद्देशून हा शब्द निघाला त्यांतील एकालाहि तो आवडला नाहीं. मॅकायनें १९८६ मध्यें भर कार्यक्रमांत त्याची टर उडविली. आणि पिचोटोनें पुढें एका मुलाखतींत विचारलें कीं, आमच्या संगीतांत भावना, तर मग बॅड ब्रेन्स काय यंत्रमानव होते? प्रश्न बिनतोड आहे. परंतु लोकांनीं ठेवलेलें नांव आणि लहानपणीं पडलेलें नांव हीं सहसा पुसलीं जात नाहींत.

एका गोष्टीला मात्र आमची संमति नाहीं, आणि ती आम्हीं पुतण्यापाशीं स्पष्ट बोलून दाखविली. हे लोक कार्यक्रमाच्या भरांत आपलीं वाद्यें फोडीत. वाद्याला चुकून पाय लागला तर हात जोडणारे आपण. खंडेनवमीला तंबोऱ्याला गंधफूल वाहणारे आपण. आमचा पुतण्या म्हणाला, “काका, ते श्रीमंत नव्हते. फोडलेली गिटार पुन्हां घेईपर्यंत पुढचा कार्यक्रम होत नसे. कार्यक्रम इतके थोडे झाले त्याचं एक कारण हेंच सांगतात.” म्हणजे फोडण्याची किंमत त्यांनीं रोख मोजली. हें ऐकून आमचें मत बदललें नाहीं. पण त्या फोडण्यांत दिखाऊपणा नव्हता एवढें आम्ही मान्य करतों. त्या कार्यक्रमांत श्रोते उघड उघड रडत, असेंहि सांगतात. मारामारीला सरावलेल्या सभागृहांत अठरा-वीस वर्षांचीं मुलें एकमेकांदेखत रडलीं, हें आम्हांस वाद्य फोडण्यापेक्षां अधिक धाडसाचें वाटतें.

पुढील इतिहास थोडक्यांत असा. १९८६ च्या जानेवारींत त्यांनीं आणखी चार गाणीं मुद्रित केलीं, तीं १९८७ मध्यें बाहेर आलीं. परंतु तोंवर बँड उरला नव्हता. १९८७ मध्यें मॅकायनें ‘फुगाझी’ हा बँड काढला. कँटी आणि पिचोटो तेथें जाऊन मिळाले, आणि त्या बँडनें २००३ पर्यंत मोठें नांव मिळविलें. इमोचा ओघ मात्र वॉशिंग्टनबाहेर वाहत गेला. १९९४ मध्यें सिएटलच्या ‘सनी डे रिअल इस्टेट’ नें त्याला अधिक संथ आणि विस्तृत रूप दिलें. १९९९ मध्यें इलिनॉय राज्यांतील ‘अमेरिकन फुटबॉल’ नें त्यांतील आक्रोश जवळजवळ काढूनच टाकला. ह्या शेवटच्या मंडळींची तबकडीहि पुतण्यानें आम्हांस ऐकविली. ते गिटारच्या सहा तारा नेहमींप्रमाणें न लावतां अशा लावतात कीं, बोट न ठेवतां नुसत्या छेडल्या तरी एक भरलेला स्वरसंवाद उमटावा. तंबोरा जुळविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला ह्याचें सुख वेगळें समजावून सांगावें लागत नाहीं. नानांनाहि ती तबकडी सह्य वाटली, आणि तींतील तुतारीसारखें वाद्य, म्हणजे ट्रंपेट, वाजूं लागल्यावर त्यांनीं मान हलविली हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. २००० नंतर ह्या प्रकाराचा मोठा बाजार झाला, त्याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं.

महिना संपावयास तीन-चार दिवस होते. एके सायंकाळीं वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन खोलींत आल्या. ह्यापूर्वीं त्या दारांतूनच परतत. तबकडीची दुसरी बाजू चालू होती. बशा ठेवून त्या उभ्याच राहिल्या, आणि थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, “हा मुलगा किती वर्षांचा रे?”

“एकोणीस.”

“म्हणजे तुझ्याहून लहानच कीं.” पुन्हां थोडें ऐकून त्या म्हणाल्या, “काय झालं आहे त्याला?”

पुतण्यानें आवाज कमी केला. म्हणाला, “जें गेलं त्याबद्दल आहे. सगळींच गाणीं तशीं आहेत.” आणि मग, कोणीं विचारलें नसतां, म्हणाला, “अण्णांना हें आवडलं नसतं.”

वहिनी पलंगाच्या कडेवर टेंकल्या. म्हणाल्या, “आवडलं नसतं. पण पुरतं ऐकल्याशिवाय उठले नसते. त्या यंत्रावर लावलेलं गाणं अर्ध्यावर काढायचं नाहीं, असा त्यांचा नेम होता. वाढ आवाज.”

त्या वेळीं तें शेवटचें, सात मिनिटांचें गाणें लागलें होतें. पहिला शेवट झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. आम्ही उठून गॅलरींत गेलों. आंत मायलेकांत काय बोलणें झालें तें आम्हीं ऐकलें नाहीं, आणि जें ऐकूं आलें तें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. रात्रीं पानावर बसतांना दोघांचेहि डोळे सुजलेले होते. मुलानें दोनदां आमटी मागून घेतली, आणि अण्णांच्या औंधच्या जमिनीचे कागद कोठें आहेत तें विचारलें. अण्णांचें नांव त्याच्या तोंडून सहज, सर्वांदेखत निघण्याची वर्षभरांतील ती पहिलीच वेळ होती.

आम्हीं नानांस जो निर्णय दिला तो असा कीं, ही तबकडी शनिवारीं आणि रविवारीं सायंकाळीं पांच ते सहा ह्या वेळांत लावावी; लावली कीं पुरी होऊं द्यावी; दार लावावयाचें कीं उघडें ठेवावयाचें तें मुलानें ठरवावें. चित्रपटगीतांच्या वेळेंतून हा तास कापला गेला म्हणून धाकट्या मंडळींनीं तक्रार केली. त्यांना बुधवार वाढवून दिला. नानांनीं निर्णय मान्य केला, पण मत बदललें नाहीं. शनिवारीं पांच वाजले कीं ते अजूनहि फिरावयास जातात. गेल्या महिन्यांत पावसामुळें त्यांना घरीं राहावें लागलें. तास संपल्यावर त्यांनीं पुतण्याला हांक मारून विचारलें, “त्या ढोलवाल्याचं नांव काय म्हणालास?”

“कँटी.”

“लयीला बरा आहे.”

पुतण्यानें सांगितलें कीं पुढें फुगाझींत तो ड्रमशेजारीं एक मोठी घंटाहि टांगून वाजवीत असे.

“घंटा?” नाना म्हणाले. “देवळांतली?”